तेंदूच्या झुडपातलं बॅरोनेट : गावाच्या जंगलात फुलपाखरू राखायचं तर

आमच्या गावाने पहिल्या वर्षी शाळेमागे फुलपाखरू बाग लावली. झेंडू, सदाफुली, घाणेरी आणि कुणीतरी आणून दिलेली लिंबाची दोन रोपं. फुलपाखरं आली, खोटं कशाला बोलू. लिंबावर तर एवढ्या अळ्या झाल्या की रोपं बोडकी झाली. पण ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला होता, ते बॅरोनेट नावाचं नारिंगी फुलपाखरू बागेत एकदाही उतरलं नाही. ते बागेपासून तीनशे पावलांवर, जंगलाच्या पायवाटेवर, कुजलेल्या टेंभरावर, म्हणजे तेंदूच्या फळावर, सोंड टाकून आरामात बसलेलं असायचं.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याकडच्या एका गावात ग्रामसभेची मोबिलायझर, म्हणजे लोकांना एकत्र आणून कामं पुढे नेणारी, म्हणून काम करते. माझी आई वीस-बावीस हंगाम पत्ता, म्हणजे विड्यांसाठीची तेंदूची पानं, तोडतेय. आमची दोन वर्षं चुकीच्या दिशेने गेली, तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा कायदेशीर हक्क) मिळाला असेल, जंगलात तेंदू असेल आणि फुलपाखरांसाठी काहीतरी करायचं मनात असेल, तर पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. क्रम चुकला की काय होतं ते पाचव्या पायरीत सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बॅरोनेट नामशेष व्हायला टेकलेलं नाही. कोरड्या पानगळीच्या जंगलात ते बऱ्यापैकी दिसतं. मग त्याच्यामागे का लागायचं? कारण त्याच्या अळीचं खाणं मुख्यतः दोनच झाडांवर आहे, साल आणि तेंदू. साल पूर्वेकडच्या राज्यांतलं झाड. आपल्याकडे त्याचा सगळा भार तेंदूवर. आणि तेंदूला दरवर्षी आपण छाटतो, तोडतो, जाळतो. म्हणजे या पाखराचं जगणं गावाच्या हातात आहे, वनखात्याच्या हातात त्याहून कमी.

१. आधी पाखरू नीट ओळखा

मध्यम आकाराचं, वरून विटकरी-नारिंगी, त्यावर काळ्या रेघा-ठिपके आणि काळी किनार. पंख मिटले की खालची बाजू दिसते, तीच खरी खूण : गडद लालसर तपकिरी, मागच्या पंखावर पांढरा तुटक पट्टा. एकदा खालची बाजू पाहिली की आयुष्यभर विसरत नाही.

बसण्याची तऱ्हाही वेगळी. ते फुलांवर फारसं जात नाही. पायवाटेवर, दगडावर, कमरेखालच्या झुडपावर पंख सपाट पसरून ऊन खात बसतं. जवळ गेलं की जमिनीलगत तरंगत दहा पावलं पुढे जातं आणि पुन्हा बसतं. बरेचदा त्याच जागी परत येतं. म्हणून मागे धावू नका. जागेवर उभे राहा.

नवख्यांचा घोळ दोन पाखरांशी होतो. एक प्लेन टायगर : नारिंगीच, पण पुढच्या पंखाचं टोक काळं आणि त्यावर पांढरे ठिपके. दुसरं टॉनी कोस्टर : पंख अरुंद, लांबट, उडणं मंद, आणि फुलांवर बसणारं. पहिल्या महिन्यात आमच्या पोरांनी मोजलेली निम्मी ‘बॅरोनेट’ प्लेन टायगर निघाली. तेव्हापासून नियम केला : खालच्या बाजूचा फोटो किंवा दोघांची खात्री, यापैकी एक नसेल तर वहीत ‘नारिंगी, ओळख नाही’ एवढंच लिहायचं.

लोक विचारतात, राज्य फुलपाखरू सोडून हे का घेतलं? ब्लू मॉर्मनला २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असा मान देणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. देखणं आहेच ते. पण त्याची अळी लिंबाच्या कुळातली पानं खाते. आमच्या जंगलात लिंबू नाही, तेंदू आहे.

२. मग झाड आणि अळी

तेंदू, टेंभुर्णी, टेंभूर, तुमच्याकडे जे म्हणत असतील ते. झाड तुम्हाला शिकवण्याची गरज नाही. अळी मात्र मला शिकावी लागली आणि ती आईने शिकवली.

मी मोबाइलवर अळीचा फोटो घेऊन घरोघर फिरत होते. आईने चुलीपासून मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, “हे त पत्त्यातला किडा आहे. रोज झटकून फेकतो आमी.” मी दोन वर्षं ज्याच्या शोधात होते ते ती दर मे महिन्यात हाताने झटकत होती. तर पहिला सल्ला : पुस्तक उघडण्याआधी पत्ता तोडणाऱ्या बायकांना विचारा. रोज हजारो पानं ज्यांच्या बोटांखालून जातात, त्यांच्याएवढं तेंदूचं पान कुणी पाहिलेलं नसतं.

अळी हिरवीगार असते आणि पानाच्या मधल्या शिरेवर सपाट झोपते. अंगाच्या दोन्ही बाजूंना लांब, फांद्या फुटलेले काटे, अगदी पिसासारखे, पानावर आडवे पसरलेले. त्यामुळे तिची सावलीच पडत नाही. पान सरळ वरून पाहिलं तर ‘नाही’ म्हणाल. पान डोळ्यांच्या रेषेत आडवं धरा आणि कडेने पाहा, मग शिरेवरचा उंचवटा दिसतो. काटे भीतीदायक दिसतात, पण अळीला बोट न लावलेलंच बरं, तिच्यासाठीही.

अंडं एकेकटं असतं, छोट्या घुमटासारखं. भिंग असेल तर पाहाच. त्यावर मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी खळगे असतात आणि कोपऱ्यांवर बारीक केस. आमच्याकडे भिंग नव्हतं. शाळेतल्या विज्ञानपेटीतलं मागून आणलं.

इथला सापळा म्हणजे अळी घरी आणून बाटलीत वाढवण्याचा मोह. मी आणली होती. तेंदूची तोडलेली डहाळी दुसऱ्याच दिवशी चामड्यासारखी होते, अळी ती खात नाही. रोज ताजं पान आणत राहिले. अळी फुगली, मग मलूल झाली, आणि एका सकाळी बाटलीत फुलपाखराऐवजी राखाडी, केसाळ माशी भिंतीवर आपटत होती. अशा माश्या अळीवर अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं अळीला आतून खातात. जंगलात हे नेहमीचंच. पण माझ्या बाटलीने अळीचं काहीच भलं केलं नाही. झुडपाला रंगीत चिंधी बांधा आणि रोज जाऊन पाहा, ते उत्तम. चिंधी झुडपाच्या मागच्या बाजूला बांधा, नाहीतर बकऱ्या राखणारी पोरं कुतूहलाने आधी तेच झुडूप ओरबाडतात.

तेंदूची रोपं लावायच्या भानगडीत पडू नका. बी रुजलं तरी मुळी खोल जाते, वरती वाढ कासवाची. पिशवीतून काढताना मुळी तुटली की संपलं. उलट जमिनीतल्या मुळांतून तेंदू आपणहून फुटतो. आहे ते राहू दिलं तरी भरपूर होतं.

३. कागदपत्रं

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. वन हक्क कायदा २००६ च्या कलम ५ ने ग्रामसभेला आपल्या जंगलातले वन्यजीव, वन आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे तुम्ही कुणाकडे भीक मागत नाही, काम कळवता आहात. पत्राची भाषा त्याप्रमाणे ठेवा : ‘परवानगी मिळावी’ नको, ‘ग्रामसभेने ठरवलं आहे, सहकार्य मिळावं’ असं लिहा.

जवळ ठेवायचे कागद :

- सामूहिक वनहक्काच्या प्रमाणपत्राची आणि नकाशाची छायांकित प्रत
- ग्रामसभेचा ठराव, तारीख, ठराव क्रमांक आणि उपस्थितांच्या सह्या-अंगठ्यांसह
- वनहक्क नियम ४(१)(ई) खालच्या, जंगल राखण्यासाठी ग्रामसभेने नेमलेल्या समितीच्या सदस्यांची यादी
- मोजणी करणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती
- पायवाटेचा हाताने काढलेला नकाशा : नाला, बोडी (छोटं तळं), रस्ता, देवाचं ठिकाण दाखवणारा

पत्र वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावाने, एक प्रत उपवनसंरक्षकाला, एक वनरक्षकाच्या हातात. पोच घ्याच. आमचं पहिलं पत्र आम्ही थेट वरच्या कार्यालयात टाकलं. ते तिथून खाली, खालून पुन्हा वर असं तीन महिने फिरलं आणि शेवटी ‘संबंधितांना कळवावे’ असा शेरा घेऊन आमच्याकडेच परत आलं. संबंधित आम्हीच होतो.

वनहक्क मिळालेला नसेल तर संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत जा. गाव अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात असेल तर मामला वेगळा, तिथे लेखी परवानगीशिवाय वाटेवर पाऊल टाकू नका.

आणखी एक : ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे ती असायलाच हवी. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते आणि सदस्यांनाच आपण सदस्य असल्याचं ठाऊक नसतं. शोधा, एखादा सदस्य सोबत घ्या. शेवटच्या पायरीत ती लागते.

४. मोजणी : एक दोरी, एक वही

मोजल्याशिवाय ‘वाढली’ की ‘कमी झाली’ हे बोलता येत नाही. पद्धत साधी आहे. अर्नेस्ट पोलार्ड नावाच्या इंग्रज अभ्यासकाने ती बसवली आणि तिकडे १९७६ पासून देशभर तीच वापरतात. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या संथ चालीने जायचं. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्याच चौकटीत दिसलेली फुलपाखरं मोजायची. मागून आलेलं मोजायचं नाही. चौकटीबाहेर कितीही सुंदर बसलेलं असलं तरी नाही.

अडीच मीटर म्हणजे किती, यावर आमच्यात पहिल्या दिवशी भांडण झालं. बैल बांधायची दोरी पाच मीटर कापली, मधोमध गाठ मारली. गाठ वाटेवर ठेवून दोरी आडवी पसरली की दोन्ही टोकं आपली हद्द. चार दिवसांत डोळा बसतो, मग दोरीची गरज राहत नाही.

अर्धा ते एक किलोमीटरची वाट पुरे. तीत थोडा नाला, थोडं दाट, थोडं तेंदूचं मोकळं रान असं सगळं यावं. नुसती चांगलीच जागा निवडली तर आकडा फुगतो आणि पुढच्या वर्षी तुम्हालाच फसवतो. आठवड्यातून एकदा, ऊन असताना, सकाळी नऊ ते अकरा. ढग, वारा किंवा पाऊस असेल तर त्या दिवशी सुट्टी.

सोबत न्यायचं सामान :

- वही आणि पेन्सिल. घामाने-पावसाने पेनची शाई पसरते, पेन्सिल टिकते.
- घड्याळ किंवा फोन, पण चालताना खिशात
- शिट्टी, काठी, पाणी
- भिंग, असेल तर

वहीत तारीख, वेळ, ऊन-ढग, मोजणाऱ्याचं नाव, पाखराचं नाव, संख्या, आणि ‘शून्य’. शून्य लिहायला लोक लाजतात. ज्या दिवशी एकही दिसलं नाही त्या दिवसाचं पान कोरं सोडतात, आणि वर्षअखेर कळत नाही की दिसलं नाही की गेलेच नाहीत.

आता वाघ. हे मी घाबरवायला सांगत नाही, पण गडचिरोली-चंद्रपुरात मोहफुलं आणि पत्त्याच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात, ती बहुधा वाकून काम करत असताना. फुलपाखराचा फोटो काढणारासुद्धा वाकतोच, नाही तर बसतो. म्हणून कधीही एकट्याने नाही. तिघं किंवा चौघं. एक वाकला की दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून उभं राहून आजूबाजूला पाहायचं. नऊच्या आधी जायचं नाही. फुलपाखरंही तोवर उडत नाहीत, तेवढं बरं आहे.

कुजकं केळं, गूळ, टेंभरं यांचं आमिष ठेवलं तर बॅरोनेट हमखास उतरतं, शाळेच्या मुलांना दाखवायला सोयीचं. पण मोजणीच्या वाटेवर कधीच ठेवू नका आणि संध्याकाळी उचलून आणा. आम्ही एकदा केळ्याची थाळी तिथेच विसरलो. दुसऱ्या दिवशी थाळी चेपटलेली, शेजारी माती उकरलेली आणि ठसे अस्वलाचे. त्यानंतर आठ दिवस त्या वाटेला कुणी जाईना.

५. पत्त्याच्या हंगामाचा करार

हीच खरी पायरी. बाकी सगळं हिच्यासाठी.

तेंदूचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आपल्याकडे सत्तर पानांचा एक पुडा, आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पानं. उन्हाळ्याच्या त्या पंधरा-वीस दिवसांत घरातली लहानथोर सगळी पहाटे जंगलात आणि दुपारी ओसरीवर पुडे बांधायला. शाळेची फी, लग्नाची उधारी, पेरणीचं बियाणं, सगळं त्यातून. अशा घरासमोर उभं राहून ‘फुलपाखरासाठी पानं सोडा’ म्हणाल, तर लोक तुम्हाला हसून वाटेला लावतील आणि ते बरोबरच आहे.

आमच्या ग्रामसभेत मी तेच केलं. मागे बसलेल्या एका आजीने विचारलं, “पाखरू पोसून का भेटते व बाई?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सभा पुढच्या विषयावर गेली.

दुसऱ्या वर्षी आईने रस्ता दाखवला. फळीवर (पत्ता गोळा करायच्या जागी) पुडे मोजताना दिवाणजी, म्हणजे ठेकेदाराचा कारकून, किडीचं, छिद्राचं, डागाचं पान असलेला पुडा बाजूला टाकतो. मग ते पान तोडायचंच कशाला? अळी जिथे असते तिथे पान खाल्लेलं असतंच. ‘छिद्राचं पान झाडावरच राहू द्या’ एवढं एक वाक्य ठरावात घातलं. कुणाचा एक रुपया गेला नाही, उलट परत आलेल्या पुड्यांचा त्रास वाचला. एकमताने मंजूर. तीच आजी म्हणाली, “हे आधीच सांगाचं होतं.”

त्यानंतर विश्वास बसला आणि आणखी दोन गोष्टी झाल्या. मोठ्या नाल्याच्या दोन्ही काठांची दहा-दहा पावलं तोडायची नाहीत असं ठरलं. तिथली पानं तशीही सावलीतली, पातळ, दिवाणजीला न आवडणारी. आणि देवाच्या ठिकाणाभोवती खुटकटाई, म्हणजे कोवळा पत्ता फुटावा म्हणून तेंदूची झुडपं बुडापासून छाटणं, करायची नाही. जागा निवडताना हेच पाहा : ज्या तुकड्याला बाजारात किंमत कमी आणि अळीला किंमत जास्त, तो मागा. उत्तम पत्त्याचं रान मागायला जाऊ नका.

आता तो क्रमाचा घोळ. आम्ही ठराव एप्रिलमध्ये केला. तोवर लिलाव होऊन गेला होता, करारावर सह्या झाल्या होत्या, आणि ठेकेदाराच्या टोळीने फेब्रुवारीतच नाल्याकाठची झुडपं बुडापासून छाटली होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा :

- ठराव लिलावाची जाहिरात निघण्याआधी करा.
- सोडलेल्या तुकड्याचं वर्णन लिलावाच्या अटींत घाला, ‘नाल्याकाठचा भाग’ असं मोघम नको. कुठून कुठपर्यंत, कोणत्या खुणेपासून कोणत्या खुणेपर्यंत.
- खुटकटाईच्या दिवशी गावातलं एक माणूस टोळीसोबत ठेवा. त्याची त्या दिवसाची मजुरी ग्रामसभेच्या निधीतून द्या. फुकट कुणी दिवस मोडणार नाही.
- झाडांच्या खोडावर चुन्याचा पट्टा मारा. कागद जंगलात कुणी वाचत नाही, पट्टा सगळ्यांना दिसतो.

सभा कधी घ्यायची हेही महत्त्वाचं. पत्त्याचा निर्णय खरं तर बायका घेतात, आणि दुपारच्या सभेला पुरुष येतात. आम्ही हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात फळीवरच, पुडे मोजून झाल्यावर, संध्याकाळी बसलो. पन्नासावर बायका होत्या. एरवी दहाही येत नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. पानांसाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात, टेंभरं मिळत नाहीत, हा त्यांचा हिशेब. त्यांच्याकडे बांबूचं उत्पन्न होतं. तुमच्याकडे ते नसेल तर त्यांची नक्कल करू नका. पण त्यांच्या गावाला एकदा जाऊन या.

६. आग

तोडीपेक्षा आग वाईट. तोडलेल्या झुडपाला पुन्हा पान येतं. पण पानाला चिकटलेलं अंडं, शिरेवर झोपलेली अळी किंवा फांदीला लोंबणारा कोष उठून पळत नाही.

आमच्याकडे वणवा दोन कारणांनी लागतो. आग दिली की तेंदूला कोवळा, मऊ पत्ता फुटतो हा समज. आणि मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळण्याची सवय. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, पण कलम सांगून आमच्या गावात आजवर एकही आग थांबली नाही.

थांबली ती अशी. प्रत्येक मोहाच्या झाडाचा मालक गावाला ठाऊक असतो, भले कागदावर नसेना. त्या त्या घराने फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला खराट्याने झाडून गोल रिकामा करायचा, पाला कडेला ढीग, जाळायचा नाही. ज्यांना जमेल त्यांनी जुनी साडी पसरायची. साडीवरचं फूल स्वच्छ राहतं, माती लागत नाही, व्यापारी कुरकुर करत नाही. हे कळल्यावर दुसऱ्या वर्षी न सांगता चौदा घरांनी साड्या पसरल्या. पत्त्याच्या समजाबद्दल वाद घालू नका. खुटकटाईनेही कोवळा पत्ता येतोच, हे आईसारख्या जुन्या बायकांकडून सभेत वदवून घ्या. मोबिलायझरचं कोण ऐकतं?

सोडलेल्या तुकड्याभोवती फेब्रुवारीत चार-पाच हात रुंद पट्टा पाला ओढून मोकळा करा. वनखात्याची जाळरेषा जवळून जात असेल तर वनरक्षकाशी बोलून आपला पट्टा तिला जोडून घ्या. धूर दिसला तर १९२६ हा वनखात्याचा फुकट लागणारा क्रमांक आहे. फोन करताना गावाचं नाव पुरत नाही, कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या त्या तुकड्याला दिलेला क्रमांक) सांगा. तो वनहक्काच्या नकाशावर असतो, आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

७. नोंद कुठे द्यायची

तीन ठिकाणी. पहिली, गावाची स्वतःची वही, जी ग्रामसभेच्या कपाटात राहील, मोबिलायझरच्या घरी नाही. माझी बदली झाली तर वही माझ्यासोबत जाता कामा नये. दुसरी, ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही. तिच्यात बरेचदा बाहेरच्या माणसाने एका दिवसात भरलेली यादी असते आणि फुलपाखरांच्या रकान्यात ‘विविध प्रकारची’ एवढंच. तिथे नाव, जागा, महिना आणि कोणत्या झाडावर, हे समितीच्या सदस्याकडून लिहून सही घ्या. तिसरी, आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ही नोंदी टाकायची संकेतस्थळं. फोटो टाकला की जाणकार ओळख पक्की करून देतात. सप्टेंबरात देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ पाळतात, तेव्हा उत्तरं लवकर येतात. फोटो टाकताना फोनने जागा कुठली पकडली ते तपासा. आमची पहिली सहा बॅरोनेट नेटवर्कच्या कृपेने तालुक्याच्या बसस्थानकावर उतरली होती.

शेवटी पैशांचं. काम थोडं दिसू लागलं की कुणीतरी येऊन सिमेंटचं फुलपाखरू उद्यान, कमान आणि कारंजं सुचवतं. आमच्याकडेही आराखडा आला, तोही नेमका नाल्याकाठच्या तुकड्यावर. निधी नाकारायची हिंमत होत नसेल तर जागा बदलून मागा : शाळेजवळ करा म्हणावं, जंगलात नको. आणि जमलं तर कमानीऐवजी खराटे, शिट्ट्या, भिंगं आणि खुटकटाईच्या दिवसाची मजुरी मागा. त्या आराखड्यात यांच्यासाठी रकाना नसतो. आम्ही ‘इतर खर्च’ या रकान्यात लिहिलं, आणि सहा खराटे, चार शिट्ट्या मंजूर झाल्या.

यंदा मोजणीच्या वहीत मे महिन्यासाठी आईने स्वतःचा रकाना पाडून घेतला आहे. तिला लिहिता येत नाही, म्हणून पत्ता तोडताना अळी दिसली की पदराला एक गाठ मारते. घरी आल्यावर मी गाठी मोजते आणि आकडा लिहिते. तुमच्या गावात अशा गाठी मारणाऱ्या चार बायका मिळाल्या, तर मे महिन्याची मोजणी सुरू झालीच म्हणून समजा. त्या महिन्यात मोजायला दुसरं कुणी रिकामं नसतं.